डॉन रेडमन : एका वाद्यसंयोजकाचें चरित्र

वाद्यवृंद ऐकावयास बसलेल्या मनुष्याची दृष्टि सहसा दोघांकडे जाते. एक, हातांत काठी घेऊन पुढें उभा असलेला नायक. दुसरा, मध्येंच उठून एकट्यानें वाजविणारा वादक. ह्या दोघांच्याही पुढ्यांत जो कागद मांडलेला असतो तो कोणीं लिहिला, हा प्रश्न शंभरांत एकाच्याही मनांत येत नाहीं. आपल्या लग्नांच्या वरातींत व सणाच्या मिरवणुकींत सॅक्सोफोन, क्लॅरिनेट आणि ट्रंपेट हीं वाद्यें आतां इतकीं घरचीं झालीं आहेत कीं, त्यांना एकत्र बोलावयास कोणीं शिकविलें ह्याचा विचार करण्याचें आपणांस कारणच पडत नाहीं. सॅक्सोफोन हें वाद्य बेल्जममधील दिनाँ गांवच्या अडॉल्फ साक्स नामक कारागिरानें बनविलें व १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचा हक्क आपल्या नांवें नोंदविला, एवढें कांहीं वाचकांस ठाऊक असेल. परंतु तीन-चार सॅक्सोफोन एका बाजूस व ट्रंपेट-ट्रॉम्बोन दुसऱ्या बाजूस बसवून त्यांच्यामध्यें संभाषण घडवून आणण्याची जी रीत पुढें जगभर रूढ झाली, ती घडविणारांत जो अगदीं अग्रभागीं होता त्याचें नांव फार थोड्यांस माहीत असतें. त्याचें नांव डॉनल्ड मॅथ्यू रेडमन. जग त्याला डॉन रेडमन म्हणून ओळखी.

तो स्वतः उत्तम सॅक्सोफोनवादक होता, क्लॅरिनेटही तितक्याच सहजतेनें वाजवी, आणि प्रसंगीं गातही असे. तथापि त्याचें खरें काम कागदावर झालें. एखादी चाल घ्यावी. ती कोणत्या वाद्यानें उचलावी, कोणीं तिला उत्तर द्यावें, कोणीं खालून आधार द्यावा व कोणीं गप्प बसावें हें सर्व आधीं मनांत ऐकावें. आणि मग प्रत्येक वादकाच्या वांट्याचे स्वर निरनिराळ्या कागदांवर उतरून द्यावे, असें तें काम आहे. तें करणाऱ्यास वाद्यवृंदांच्या जगांत अरेंजर म्हणतात. आपण त्याला संयोजक म्हणूं. संयोजकाचें नशीब आचाऱ्यासारखें असतें. पंगत जेवून उठते ती यजमानाची स्तुति करीत. आंत चुलीपाशीं कोण होता हें कोणी विचारीत नाहीं.

रेडमनचा जन्म २९ जुलै १९०० रोजीं अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत पीडमाँट ह्या लहानशा गांवीं झाला. गांव पोटोमॅक नदीच्या वरच्या काठीं, डोंगरांच्या कुशींत वसलेलें. रेल्वे आणि नदीपलीकडील कागदाची गिरणी ह्यांवर त्याचा निर्वाह चाले. बाप संगीतशिक्षक होता व आई गात असे. पोर तिसऱ्या वर्षीं ट्रंपेट फुंकूं लागला, सहाव्या वर्षीं एका बँडांत बसला, आणि बारा वर्षांचा होईतों फुंकून वाजविण्याचीं झाडून सारीं वाद्यें, अगदीं ओबोसारखें हट्टी वाद्यसुद्धां, त्याच्या हातांत बसलीं, असें त्याच्याविषयीं सांगतात. वादकांच्या बालपणाच्या कथा वाढत जातात हें खरें. परंतु ह्या कथेला त्याच्या पुढील लेखनाचा पुरावा आहे. कोणत्या वाद्याचा दम कोठें संपतो, कोणता स्वर कोणत्या नळींत गोड लागतो व कोणता कर्कश होतो, हें ज्यानें आपल्या ओठांनीं अनुभविलें नाहीं त्याला तसें लिहितां येत नाहीं. अंगानें तो फार ठेंगणा होता. पुढें लोक त्याला जाझमधला छोटा राक्षस म्हणूं लागले.

शिक्षणासाठीं तो हार्पर्स फेरी येथील स्टोरर कॉलेजांत गेला. ह्या स्थळाविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. कारण रेडमनच्या स्मरणाचा सोहळा पुढें येथेंच भरला. पीडमाँटवरून वाहत आलेली पोटोमॅक नदी हार्पर्स फेरीस शेनंडोआ नदीस मिळते. संगमावरच्या ह्या गांवीं अमेरिकन सरकारचें शस्त्रागार होतें. १८५९ च्या ऑक्टोबरांत जॉन ब्राउन नांवाच्या एका गोऱ्या मनुष्यानें मूठभर साथीदारांसह तें काबीज केलें. गुलामांना शस्त्रें देऊन त्यांच्या मुक्ततेचें युद्ध पेटवावें हा त्याचा हेतु होता. तो पकडला गेला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जवळच्या चार्ल्स टाउन येथें फांशीं गेला. नंतर चार वर्षांचें यादवी युद्ध झालें, गुलामगिरी संपली, आणि त्याच गांवच्या टेकडीवर बॅप्टिस्ट पंथाच्या मंडळींनीं मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठीं शाळा उघडली. मेन प्रांतांतील जॉन स्टोरर ह्या गृहस्थानें त्यासाठीं दहा हजार डॉलर दिले, म्हणून १८६७ सालीं तिला त्याचें नांव मिळालें. जन्मानें गुलाम असलेला फ्रेडरिक डग्लस हा थोर वक्ता तिच्या विश्वस्तांपैकीं एक होता, व १८८१ सालीं त्यानें ह्याच टेकडीवर जॉन ब्राउनविषयीं व्याख्यान दिलें. १९०६ सालीं डु बॉइस व त्याच्या सहकाऱ्यांनीं कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठीं चालविलेल्या नायगरा चळवळीची सभा येथें भरली. पुढें ब्राउन ज्या विटांच्या खोलींत लढला ती इमारतही उचलून कॉलेजच्या आवारांत आणून ठेवण्यांत आली.

अशा आवारांत रेडमननें संगीताचे पाठ घेतले. १९२० च्या सुमारास तो तेथून बाहेर पडला, तेव्हां त्याला स्वरलेखनाचें शास्त्र शिस्तीनें येत होतें. हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण जाझ म्हणजे न शिकलेल्या लोकांनीं मनास येईल तसें वाजविणें अशी समजूत त्या वेळीं होती, व अद्यापि ती पुष्कळांच्या मनांतून गेलेली नाहीं.

बॉस्टन येथें त्यानें आणखी कांहीं शिक्षण घेतलें आणि पिट्सबर्गच्या बिली पेज ह्याच्या वृंदांत तो नोकरीस लागला. हा वृंद १९२३ सालीं न्यूयॉर्कला गेला व रेडमन त्याच्याबरोबर त्या महानगरीं पोंचला. तेथें त्याची गांठ फ्लेचर हेंडरसनशीं पडली. हेंडरसन हा दक्षिणेकडून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेला सुशिक्षित कृष्णवर्णीय तरुण. पण रसायनशाळेचीं दारें त्याच्या वर्णाच्या माणसास उघडलीं नाहींत, म्हणून पियानोवर पोट भरूं लागला होता. स्वभावानें सौम्य, सभ्य, आणि दुसऱ्यास कठोर शब्द बोलण्यास असमर्थ. त्याच्या वृंदाला ब्रॉडवेवरील रोझलँड नांवाच्या भव्य नृत्यगृहांत काम मिळालें. नाचणारे सारे गोरे, वाजविणारे सारे काळे, असा तेथील प्रकार होता. रेडमन तेथें सॅक्सोफोन व क्लॅरिनेट वाजवी. आणि वृंदासाठीं लिहिण्याचें काम थोड्याच दिवसांत त्याच्याकडे आलें.

त्यापूर्वीं काय चाले हें सांगितल्याशिवाय त्यानें काय केलें हें कळणार नाहीं. न्यू ऑर्लिन्स शहरांतील मूळच्या जाझमध्यें पांच-सात वादक असत. कॉर्नेट चाल सांगे, क्लॅरिनेट तिच्याभोंवतीं वेलीसारखें चढे, ट्रॉम्बोन खालून साथ देई, आणि सर्व मिळून एकाच वेळीं आपापल्या स्फूर्तीनें वाजवीत. पांच-सात माणसांत हें शोभतें. परंतु मोठ्या नृत्यगृहासाठीं दहा-बारा माणसें लागत, व तितक्यांनीं एकदम स्फूर्तीनें वाजविलें तर त्याला संगीत म्हणत नाहींत. दुसऱ्या बाजूस, गाण्यांचे प्रकाशक प्रत्येक नव्या चालीचे छापील कागद विकीत. त्यांवरून कोणताही वृंद ती चाल वाजवी, पण त्यांत जीव नसे. हेंडरसनचा वृंदही प्रथम असलेच छापील कागद विकत घेई. रेडमन ते कागद घेऊन त्यांची कांटछांट करूं लागला. कोठें चार माप काढून टाकी, कोठें आपलीं आठ घाली, कोठें चाल एका वाद्याच्या हातून काढून दुसऱ्याच्या हातीं देई. असें करतां करतां छापील कागद मागें पडला व संपूर्ण रचना त्याची स्वतःची होऊं लागली.

त्याची मुख्य युक्ति अशी होती. त्यानें वृंदाचे दोन तट केले. एका बाजूस ट्रंपेट व ट्रॉम्बोन हीं पितळी वाद्यें. दुसऱ्या बाजूस ज्यांच्या मुखाशीं वेताची पातळ पट्टी बांधलेली असते तीं, म्हणजे सॅक्सोफोन व क्लॅरिनेट. (सॅक्सोफोनही पितळेचाच असतो, पण त्याचा स्वर ह्या पट्टींतून निघतो, म्हणून तो दुसऱ्या घराण्यांत बसतो.) एका तटानें हांक द्यावी व दुसऱ्यानें उत्तर द्यावें. लितानी म्हणतांना पुढारी एकेक नांव घेतो आणि सारी मंडळी एका सुरांत उत्तर देते. भजनांत बुवा ओळ टाकतो व टाळकरी ती उचलतात. ह्या गोष्टी ज्यांच्या कानांत लहानपणापासून आहेत त्यांना ह्या युक्तीचें बळ समजावून सांगावें लागणार नाहीं. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या देवळांतही उपदेशक व मंडळी ह्यांची अशीच देवघेव चाले, आणि शेतांतल्या श्रमगीतांतही तीच होती. जें लोकांच्या कंठांत होतें तें रेडमननें पितळेच्या व वेताच्या भाषेंत लिहून काढलें.

पण हांक आणि उत्तर एवढ्यावरच तो थांबला असता तर दोन मिनिटांत कंटाळा आला असता. त्यानें तिसरी गोष्ट केली, व माझ्या मतें तीच सर्वांत अवघड आहे. एखादा चांगला वादक एकटा उठून स्फूर्तीनें जें वाजवील, त्याचा डौल, त्यांतील अडखळणें व झेंप घेणें ओळखून, तसाच तुकडा तो तिघा सॅक्सोफोनांसाठीं तीन निरनिराळ्या स्वरांत लिही. परिणाम असा होई कीं, तीन माणसांना एकाच क्षणीं एकच कल्पना सुचली आहे असें ऐकणाऱ्यास वाटावें. कधीं तो तिघांच्याही हातांत क्लॅरिनेट देई. मग तो उंच, थरथरता, चांदीसारखा आवाज सर्व वृंदावरून तरंगत जाई. आणि ह्या सर्व लिहिलेल्या बांधकामाच्या मध्यभागीं तो एक खोली मुद्दाम रिकामी ठेवी. तेथें एकट्या वादकानें आपल्या मनाचें वाजवावें. इतरांनीं खालून फक्त टेकू द्यावा. कोठें लिहावें हें पुष्कळांस कळतें. कोठें लिहूं नये हें ज्याला कळलें तो संयोजक.

हें सर्व त्यानें एकट्यानें शून्यांतून निर्माण केलें असें म्हणणें न्याय्य होणार नाहीं. पॉल व्हाइटमन ह्याच्या पदरीं फर्डी ग्रोफे हा कुशल संयोजक त्या वेळीं होता, व रेडमननें त्याचें काम ऐकलें असल्यास नवल नाहीं. परंतु व्हाइटमनच्या वृंदाला झुलत चालणें साधत नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आरंभीं रेडमनलाही तें साधलें नव्हतें. १९२४ च्या पूर्वार्धांतील हेंडरसनच्या तबकड्या ऐकाव्या: सर्व कांहीं नीटनेटकें, पण नव्या बुटांत चालणाऱ्या मनुष्यासारखें.

तें शिकविणारा मनुष्य त्याच वर्षाच्या शरदांत शिकागोहून आला. त्याचें नांव लुई आर्मस्ट्राँग, वय तेवीस, वृंदांतील तिसऱ्या कॉर्नेटची जागा. गांवढळ पोशाखाच्या ह्या पोराकडे न्यूयॉर्कच्या वादकांनीं प्रथम हंसूनच पाहिलें. त्यानें वाजविलें मात्र, आणि हंसणें बंद झालें. एखादा स्वर किंचित् उशिरां ठेवून, दुसरा किंचित् लांबवून तो सरळ तालाला असा झोका देई कीं बसलेल्या माणसाचा पाय आपोआप हलूं लागावा. रेडमन हा शिकलेला, कागदाचा धनी. नवख्या पोराकडून शिकण्यास त्याला कमीपणा वाटला असता तर कोणीं दोष दिला नसता. त्यानें शांतपणें ऐकलें व तो झोका कागदावर उतरविला. आर्मस्ट्राँगजवळ त्याचा गुरु किंग ऑलिव्हर ह्याच्या चालींची एक लहान वही होती. तींतील एक चाल रेडमननें निवडली आणि १९२५ च्या मे महिन्यांत ‘शुगर फूट स्टॉम्प’ ह्या नांवानें तिची तबकडी निघाली. गुरूनें बसविलेला एकल तुकडा शिष्य वाजवितो, भोंवतीं रेडमनचीं क्लॅरिनेटें आहेत, आणि जुनें न्यू ऑर्लिन्स नव्या न्यूयॉर्कच्या घरांत मानानें येऊन बसलें आहे. त्याच वृंदांत कोलमन हॉकिन्स हा टेनर सॅक्सोफोनवर आपली पुढील कीर्ति घडवीत होता. १९२६ च्या ‘द स्टँपीड’ ह्या तबकडींत त्याला रेडमननें दिलेली मोकळीक स्पष्ट ऐकूं येते. १९२७ सालीं तर खुद्द व्हाइटमनच्या वृंदानें फॅट्स वॉलरच्या चालीवरील रेडमनची रचना वाजविली. तिचें नांवच ‘व्हाइटमन स्टॉम्प’. गोऱ्या वृंदाच्या राजानें काळ्या संयोजकाचा कागद आपल्या वादकांपुढें ठेवावा, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

त्याच वर्षीं रेडमननें हेंडरसनला सोडलें. डेट्रॉइटमध्यें जाँ गोल्डकेट नांवाचा एक व्यवस्थापक होता. त्यानें आपल्या हाताखालील एका कृष्णवर्णीय वृंदाचें संगीत-नायकत्व त्याला देऊं केलें. विल्यम मॅकिनी ह्या ढोलवादकानें जमविलेल्या ह्या वृंदाला गोल्डकेटनें ‘मॅकिनीज कॉटन पिकर्स’, म्हणजे कापूस वेंचणारे, असें नांव चिकटविलें होतें. ज्यांच्या आज्यांनीं चाबकाखालीं कापूस वेंचला त्या सुशिक्षित वादकांना तें नांव रुचलें नाहीं. परंतु जाहिरात ज्याच्या हातीं, नामकरणाचा अधिकारही त्याच्याच हातीं. रेडमननें नांव बदलूं शकत नव्हता तें सोडून बाकीचें सर्व बदललें. त्यानें रोज तालीम घेतली, प्रत्येकाकडून कागद नीट वाचून घेतला, आणि १९२८ पासून निघालेल्या त्यांच्या तबकड्यांत असा नेमकेपणा आला कीं तो हेंडरसनच्या ढिल्या शिस्तींत कधींच आला नव्हता. ‘चेरी’ व ‘जी बेबी, एन्ट आय गुड टू यू’ हीं त्याचीं गीतें ह्याच काळांतलीं. गातांना त्याचा आवाज बारीक, अर्धवट बोलल्यासारखा असे. शेजाऱ्याशीं कुंपणावरून गोष्टी कराव्या तसा. १९२८ च्या डिसेंबरांत शिकागो येथें तो पुन्हां आर्मस्ट्राँगबरोबर बसला व त्या तबकड्यांसाठीं त्यानें रचनाही दिल्या.

१९३१ सालीं त्यानें स्वतःचा वृंद उभारला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत कॉनीज इन नांवाचें रात्रीचें विलासगृह होतें. तेथें तो वाजवूं लागला. हार्लेम ही काळ्यांची वस्ती, वादक काळे, नाचणाऱ्या मुली काळ्या, आणि मेजांशीं बसणारें गिऱ्हाईक गोरें. ह्या वृंदाची ओळखीची धून ‘चँट ऑफ द वीड’ ही होती. तिच्या नांवांतील गवत म्हणजे गांजाचें, हें सांगावयास मला संकोच वाटतो. पण नांव बाजूस ठेवून संगीत ऐकलें तर त्या काळच्या नृत्यसंगीतांत इतकी विचित्र, धुकट, पायाखालची जमीन सरकविणारी स्वरसंगति दुसरी आढळत नाहीं. १९३२ च्या सुमारास एका साबणाच्या कंपनीच्या आश्रयानें त्याच्या वृंदाची रेडिओ-मालिका चालली. कृष्णवर्णीय वृंदाला असा आश्रय मिळाल्याच्या अगदीं पहिल्या उदाहरणांपैकीं तें एक होय. १९३३ सालीं फ्लायशर बंधूंनीं आपल्या बेटी बूप ह्या चित्रपुतळीच्या एका बोलपटांत रेडमन व त्याचा वृंद ह्यांस घेतलें. त्याची गोष्ट कोळशाच्या खाणींत घडते. आरंभीं कांहीं क्षण खरा रेडमन आपल्या वृंदापुढें दिसतो, ठेंगणा, हंसतमुख, अंगानेंच ताल सांगणारा.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. रेडमन गेल्यावर हेंडरसनला पुढें स्वतःच लेखणी हातीं घ्यावी लागली, व तो उत्तम लिहूं लागला; परंतु त्याचा वृंद कर्जांत बुडाला आणि १९३४ च्या सुमारास तो आपल्या रचना बेनी गुडमन ह्या गोऱ्या क्लॅरिनेटवादकास विकूं लागला. २१ ऑगस्ट १९३५ रोजीं लॉस एंजलिस येथील पालोमार नृत्यगृहांत गुडमननें त्या वाजविल्या, तरुणांची झुंबड उडाली, आणि दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेंत स्विंगचें युग सुरू झालें असें इतिहासकार लिहितात. गुडमन राजा ठरला. त्यानें हेंडरसनचें ऋण उघडपणें मान्य केलें, हें त्याच्या मोठेपणास शोभलें. परंतु हेंडरसनच्या मागें आणखी एक मनुष्य उभा होता, व तितक्या मागें पाहण्याची संवय गर्दीला नसते. पितळ व वेत ह्यांचा तो संवाद, तो तिघांचा एकत्र झोका, ती मधली रिकामी खोली, सर्व दहा वर्षांपूर्वीं रोझलँडमध्यें लिहिलें गेलें होतें. रेडमननें त्याबद्दल वाद घातला नाहीं. तो लिहीत राहिला: काउंट बेसीसाठीं, जिमी डॉर्सीसाठीं, हॅरी जेम्ससाठीं. १९४० च्या सुमारास त्याचा स्वतःचा वृंद मोडला, आणि त्याचे कागद इतरांच्या नांवाखालीं वाजत राहिले.

हें सर्व आपल्यापासून फार दूरचें आहे असें समजूं नये. १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्या अमेरिकन कृष्णवर्णीय नायकाचा वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला; त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड आले. तटातटांनीं लिहिलेल्या ह्या नव्या पद्धतीचें संगीत मुंबईनें तेव्हां जिवंत ऐकलें. हे कागद पाहतांक्षणीं वाचूं शकतील असे वादक येथें तयार होते. गोव्याच्या देवळांशेजारच्या शाळांत मेस्तांच्या हाताखालीं ज्यांनीं लहानपणीं स्वरलिपि व फिडल गिरविलें, ते हे वादक. मिकी कोरिया ह्यानें १९३९ पासून ताजमध्यें आपला वृंद चालविला. पुढें ह्यांतील पुष्कळ मंडळी बोलपटांच्या ध्वनिमुद्रणांत गेली. आपल्या महाराष्ट्राचे सी. रामचंद्र ह्यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ ह्या चित्रपटांत पितळी वाद्यांचा जो उसळता उल्हास आहे, त्यामागें चिक चॉकलेट ह्या गोवेकर ट्रंपेटवादकाचा हात होता. सेबॅस्टियन डिसोजा ह्यांनीं शंकर-जयकिशन ह्यांच्यासाठीं वर्षानुवर्षें संयोजन केलें. चित्रपटगृहाच्या पडद्यावर संगीतकाराचें नांव मोठ्या अक्षरांत येई. संयोजकाचें आलेंच तर सहाय्यक म्हणून, लहान अक्षरांत येई. बहुधा येतच नसे. ज्या घरांतून असे वादक निघाले त्या घरांना रेडमनची कथा परकी वाटावयाची नाहीं.

दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४६ च्या शरदांत रेडमन एक वृंद घेऊन युरोपांत गेला. युद्धोत्तर युरोपनें पाहिलेला हा पहिला अमेरिकन जाझ वृंद होय. आरंभ डेन्मार्कमधील कोपनहेगन येथें झाला. बावीस वर्षांपूर्वीं ‘कोपनहेगन’ ह्याच नांवाच्या चालीवर त्यानें आपली पहिली मोठी कामगिरी केली होती. योगायोग म्हणावयाचा, कारण त्या चालीचा त्या नगराशीं संबंध नव्हता. जर्मनांच्या अमलाखालीं पांच वर्षें काढलेल्या लोकांनीं हें संगीत कसें ऐकलें असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. वृंदांतील डॉन बायस हा सॅक्सोफोनवादक वृंदाबरोबर परत गेला नाहीं. वर्णभेदाचा जाच कमी असलेल्या युरोपांतच त्यानें उर्वरित आयुष्य काढलें. रेडमन परतला. १९५० नंतरच्या दशकांत पर्ल बेली ह्या गायिकेचा संगीत-नायक म्हणून त्यानें काम केलें. अखेरच्या वर्षांत तो लोकांपुढें क्वचितच येई. घरीं बसून त्यानें कांहीं विस्तृत रचना लिहिल्या, परंतु त्या त्याच्या हयातींत लोकांसमोर वाजल्या नाहींत. ३० नोव्हेंबर १९६४ रोजीं न्यूयॉर्क येथें त्याचें निधन झालें.

स्टोरर कॉलेज त्याच्याही आधीं बंद पडलें होतें. १९५४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरविल्या. निकाल न्यायाचाच, पण त्याच्या पाठोपाठ वेस्ट व्हर्जिनियानें कृष्णवर्णीयांच्या ह्या कॉलेजचें अनुदान काढून घेतलें व १९५५ सालीं त्याला कुलूप लागलें. आवार पुढें राष्ट्रीय उद्यान-खात्याच्या ताब्यांत आलें. अशा स्थितींत एकविसाव्या शतकाच्या आरंभीं हार्पर्स फेरीच्या परिसरांतील कांहीं लोकांनीं, विशेषतः तेथील कृष्णवर्णीय समाजाच्या संस्थांनीं, उद्यान-खात्यास बरोबर घेऊन रेडमनच्या नांवानें जाझचा सोहळा भरविण्यास आरंभ केला. उन्हाळ्यांत, जुन्या स्टोररच्या टेकडीवर, जेथें डग्लस बोलला तेथें, वृंद वाजूं लागले. २००९ सालीं वेस्ट व्हर्जिनियाच्या संगीत-सन्मानितांच्या यादींतही त्याचें नांव घातलें गेलें. आर्मस्ट्राँगची स्मृति राखण्यास आर्मस्ट्राँगचा आवाज पुरतो. संयोजकाची स्मृति राखावयाची तर कोणीतरी दहा-बारा माणसें जमवून, त्यांच्यापुढें कागद मांडून, तालीम घ्यावी लागते. ह्या लोकांनीं ती खटपट पत्करली.

आपल्या धर्मग्रामांतील जे तरुण बँडांत वाजवितात किंवा गायकवृंदांत बसतात, त्यांना रेडमनचें काम कानांनीं ओळखावयाचें असेल तर माझी सूचना अशी. प्रथम ३० ऑक्टोबर १९२४ ची ‘कोपनहेगन’ ऐकावी. तीन मिनिटांत वाद्यांची किती वेळां अदलाबदल होते हें बोटांवर मोजावें. मग ‘शुगर फूट स्टॉम्प’, मग ‘द स्टँपीड’, आणि शेवटीं, मन स्थिर असेल तेव्हां, त्या वाईट नांवाची ती १९३१ ची धून. एकदां ऐकून कांहींच कळणार नाहीं. दुसऱ्या वेळीं फक्त पितळी वाद्यांकडे लक्ष द्यावें, तिसऱ्या वेळीं फक्त सॅक्सोफोनांकडे. आणि ‘शुगर फूट स्टॉम्प’ चौथ्यांदां लावाल तेव्हां आर्मस्ट्राँगला थोडें विसरून क्लॅरिनेटांच्या मागें जावें.